मामींची किडनी

दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांची किडनी जावयाला बसवली होती. तो रिपोर्ट घेऊन बाहेर आला.

"मामी, माझ्या रक्तातल्या राखणदार पेशींवर तुमच्या पेशींच्या खुणा घावल्या."

"आत्ता! माझी किडनी बिघडली व्हय?"

"न्हाय वो, किडनी झ्याक हाय. परकी म्हणून पेशी आधी तिच्यावर धावून गेल्या. झटापटीत तिच्याच अंगावरचं थोडं ओढून त्यांनी स्वतःच्या अंगावर चढवलं. आता शांत हाईत, म्हणाले डॉक्टर."

"सुटले बाई! जावईबापू, लग्नात फेटा आखूड निघाला म्हणून नऊ वर्सं तुमी माझ्या घरात पाऊल टाकलं न्हाय. आन् तुमच्या पेशी माझं अंगावर घालून मिरवाय लागल्या की!"

"अळणी करा, मामी. आज जेवायला येतो."