उलटी धावणारी मोटार

मनगट मोडल्यापासून शिवणकामवाल्या काकूंना कात्री धरवत नव्हती. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात त्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारी एक म्हातारे मेकॅनिक आणि त्यांची लेक बोलत होते.

“बाबा, डॉक्टरांना सांगा, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची गाडी पूर्ण झाली म्हणून.”

“पूर्ण कसली डोंबलाची! मोटार सुरू केली की मागे पळते.”

“पळते ना! अर्धांगाचा झटका आल्यावर तुम्हाला चमचासुद्धा धरता येत नव्हता.”

“चाळीस वर्षं खऱ्या गाड्या दुरुस्त केल्या मी. आणि जुन्या गाडीचं हे एवढंसं मॉडेल उलटं धावतं!”

“मग वायर उलटी जोडू.”

“ती पळवाट झाली. गिअर चुकीचा बसलाय, माझ्याच हातून.”

“तो पार आत आहे. दोनशे ठोकळे काढावे लागतील. मी काढते.”

“हात लावायचा नाही! मीच काढणार.”

“कुठल्या हातानं?”

“उजव्या. डाव्यानं फार मिरवून घेतलं इतके दिवस.”

काकूंना राहवलं नाही.

“अहो, हे ठोकळे मिळतात कुठे?”

“विकत कशाला घेता? काढायचं काम माझं. परत बसवायला तुम्ही या.”