आप्पांचा कोरम

माझ्या माहेरच्या मान्सांनो, आबा, मामा, आयाबायांनो,

मला धड बोलायला जमंल का न्हाई, ठाऊक न्हाई. घरातनं निघताना आई म्हणली, "दोन शब्द बोल आन् खाली बस. रडू नको." रडायचं न्हाईच मला. रडून झालंय. आज मला राग आलाय, आन् त्यो राग घिऊनच मी उभी ऱ्हायलीय. आप्पांची थोरली लेक म्हणून ऐकून घ्या. पाटसला दिली म्हणून काय झालं, लेक ह्याच वाडीची हाय.

आत्ता माझ्या आधी सरपंच तात्या बोलले. म्हणले, आप्पांचा आवाज कायम कानात ऱ्हाईल. म्हणले, आप्पांच्या नावानं वाडीच्या तोंडाला कमान बांधू. तुमच्यातली निम्मी मान्सं टाळ्या वाजवणार व्हती. शोकसभा हाय हे ध्यानात आलं म्हणून हात आवरले. मी बघत व्हते.

तात्या, तुम्ही माझ्या वडलांच्या वयाचे. लहानपणी तुमच्या सायकलवर बसून मी शाळंत गेलीय. पण आज सांगते, कमान नको. कमानीवरनं वढा वलांडता येत न्हाई.

वाडीला सगळं ठाऊक हाय. पण शिरूरहून आप्पांचे डेपोतले जुने सोबती आल्यात, लांबचे पाव्हणे आल्यात, त्यांच्यासाठी सांगते. दुपारची येळ व्हती. आप्पा जेवून बाजंवर पडले व्हते. छातीत कळ आली. माझ्या भावानं फोन लावला, आन् शिरूरहून अँब्युलन्स निघाली. येळेत आली. त्या ड्रायव्हरला माझा नमस्कार हाय, त्याचा काडीचा दोष न्हाई. गाडी आली आन् वढ्याच्या त्या काठाला थांबली. वर पाऊस झालेला, वढ्याला कमरंइतकं पाणी. ह्या काठाला आप्पा, त्या काठाला ऑक्सिजन. पोरांनी बाज खांद्यावर घेतली आन् पाण्यात घातली. पलीकडं टेकवली तवा आप्पा गेले व्हते.

आता इचारा मला, वढ्यावर मोरी मंजूर झाली न्हवती का? झाली व्हती. मग बांधली न्हाई का? बांधली की! चांगली दणकट बांधलीय. वर बोर्ड लावलाय, बोर्डावर आपल्याच वस्तीचं नाव हाय. फकस्त ती मोरी वस्तीकडं येत न्हाई. ती वर, लांब, उसाच्या फडात जाती. तिच्यावरनं पाटसच्या कारखान्याला ऊस झक्कास जातो. माणूस जात न्हाई. ऊस कुणाचा, ते मी सांगायला नको. ज्यांचा हाय ते पुढच्या खुर्चीवर बसल्यात.

आप्पा जल्मभर एस.टी.त कंडक्टर व्हते. त्या मोरीचा बोर्ड बघून आले आन् ओट्यावर बसून वरडाय लागले. "पाटी आपल्या निमोण्याची लावायची आन् गाडी भलतीकडंच न्यायची? असं आमच्या डेपोत झालं असतं ना, तर प्यासिंजरनं डेपो डोक्यावर घेतला असता! आन् हितं समदी गपगार!"

गप बसले न्हाईत ते. सरपंचांना इचारलं. सरपंच म्हणले, जागा साहेबांनी धरली. ग्रामसेवकाला इचारलं. त्यो म्हणला, मी नवीन आलोय, वर इचारा. आप्पा वर, तालुक्याच्या हापिसात गेले. तिथल्या साहेबानं खुर्ची दिली, चहा पाजला, आन् हसून सांगितलं, "आजोबा, आम्ही जागा ठरवत नसतो. तुमच्याच ग्रामसभेचा ठराव आहे."

ऐकलंत का? तुमच्याच ग्रामसभेचा! आप्पा घरी आले ते जेवलेच न्हाईत. मी त्या दिवशी माहेरी आलेले. म्हणलं, "आप्पा, जाऊ द्या की. कशाला जिवाला लावून घेताय?" तर माझ्यावरच उखडले. "साहेब खोटं न्हाई बोलला, बायडे. ठराव आपलाच हाय. तेच तर जळतंय."

कसा काय आपला ठराव? सांगते. पाव्हण्यांनो, आमच्या वाडीची एक रीत हाय. ग्रामसभेची दवंडी झाली की कुणी जागचं हलत न्हाई. कोरम भरत न्हाई आन् सभा तहकूब व्हती. तहकूब झालेली सभा परत बोलावत्यात, तिला कोरम लागत न्हाई, तसा नियमच हाय. मग चार टाळकी बसत्यात, चहा पित्यात, ठराव पास. आन् ज्यांना तहकुबीत ठराव करायचा असतो, ते पहिल्या सभेला मुद्दाम येत न्हाईत.

एकदा आप्पांनी भिवा मामांना रस्त्यात धरलं. मामा, हितं बसलाय तुम्ही, खोटं बोलत आसंल तर सांगा. आप्पा म्हणले, "चल की सभंला." मामा म्हणले, "पहिली सभा कवा व्हती का? कशाला यायचं?" पुढं दुसरी सभा लागली. आप्पा परत दारात. "आता चल." मामा म्हणले, "आता कोरमच लागत न्हाई, माझं काय काम?" आप्पा कपाळावर हात मारून म्हणले, "आरं म्हंजी तू येणार तरी कवा?"

हसू नका. म्हंजी हसा, आप्पाबी हसले व्हते. पण भिवा मामा एकटेच न्हवते. घराघरात भिवा मामा हाय.

आप्पा मात्र त्या साहेबाकडनं आल्यापासनं दर सभंला जायचे. इस्त्रीचा सदरा घालायचे आन् पहिल्या रांगेत बसायचे. भांडकुदळ व्हते, मी कबूल करते. आवाज एस.टी.तला, समोरच्याचं पुरं ऐकून घ्यायची सवय न्हाई. दारात कुणी घुटमळताना दिसलं की हितनं वरडायचे, "पुढं सरका! मागं जागा करा!" मान्सं हसायची आन् निघून जायची. हेच समाजमंदिर, हीच सतरंजी. आई म्हणायची, "एकट्यानं बसून काय उजेड पडतोय?" तर म्हणायचे, "मी न्हाई गेलो तर लिहित्याल, कुणाची हरकत न्हवती."

आन् एक गोष्ट कायम सांगायचे. "योजना वाईट नसती गं. मुंबईला बसून कुणी वाईट योजना करत न्हाई. मंजुरी पुण्यातनं येती, तीबी येती. पण ती कुठल्या थांब्यावर उतरायची, हे आपल्या समाजमंदिरात ठरतं. आन् नेमकं तिथंच आपुन नसतो. मग घरी बसून सरकारला शिव्या द्यायच्या."

सरकार, सरकार! कोण हो सरकार? ज्यानं फडाकडं मोरी वळवली त्यो तर हायच. तात्या, तुम्हाला मी सोडत न्हाई, तुम्हाला जाब द्यावाच लागंल. मोरी तुमच्या भावाच्या उसाकडं का गेली, हे माझ्या आईच्या तोंडाकडं बघून सांगावं लागंल. पण जे घरी बसले त्यांचं काय? तहकूब सभा त्यांनीबी केली. ज्या पोरांनी बाज पाण्यातनं नेली, त्यातलं एक पोरगं तरी कवा सभंला आलं व्हतं का? मी पोरांना दोष देत न्हाई, त्यांचे खांदे सोलून निघाल्यात. पण इचारते. आज न्हाई इचारायचं तर कवा?

काल मी वढ्यावर जाऊन उभी ऱ्हायले. पाणी उतरलंय. घोट्याइतकंसुद्धा न्हाई. पोरीबाळी चपला हातात घिऊन शाळंला चालल्या व्हत्या. त्यांच्याकडं बघून माझा राग आणखी वाढला. पुढच्या पावसात कुणाची बाज निघणार हाय?

येत्या सोमवारी ग्रामसभा हाय. दवंडी झालीय. इषय आप्पांनीच लेखी दिला व्हता: वस्तीच्या वाटंवर मोरी. आप्पा येणार न्हाईत. मी येणार. पाटसवरनं चौफुल्याला गाडी बदलून येणार. मला हितं मत न्हाई, तिकडं हाय, ठाऊक हाय मला. मी दारात बसंन. आत तुम्ही बसायचं.

आता शेवटचं. रीतीपरमाणं दोन मिन्टं उभं ऱ्हायचं असतं. आज तसं करू नका. उभं ऱ्हायची सवयच आपल्याला नडलीय. दारात उभं, झाडाखाली उभं, रस्त्यावर उभं, आन् मग घरी. आज बसा. जे भायेर हायती ते आत या. बायांनो, तुम्हीबी. कोपऱ्यात न्हाई, हितं मधी. भिवा मामा, तुम्ही पहिल्या रांगेत या, त्या रिकाम्या खुर्चीवर. ती आप्पांची जागा हाय, बसा बिनधास्त. पोरांनो, सतरंजीवर या. पुढं सरका. मागं जागा करा.

हां. असं.

ही ग्रामसभा न्हाई, मला कळतंय. तरी एकदा आजूबाजूला बघा. किती मान्सं हायती बघा. एवढी मान्सं त्यांनी जितेपणी एकदा जरी बघितली असती ना...

आता कुणी बोलू नका. गप बसू आन् त्यांची आठवण काढू.

आप्पा, कोरम झाला.