किल्ल्याभोवतीची गाडी

अगं, घोडबंदरचे माझे दीर माहितीयत ना, आयटीवाले? यंदा दिवाळीच्या किल्ल्याभोवती मी मॉडेल ट्रेन बसवायला घेतली, तर म्हणाले, “वहिनी, फोनवर चालणारी सिस्टिम घ्या. वायरिंग तुम्हाला झेपणार नाही.”

मी मुद्दाम गोल बटणाचा कंट्रोलर घेतला आणि सगळं सोल्डरिंग स्वतः केलं.

पाडव्याला ते आले, आणि गाडी किल्ल्याला वळसा घालून, सांधा बदलताच उलट दिशेनं त्याच रुळावर परतताना बंद पडली.

“बघा, म्हटलं होतं!”

म्हटलं, “वळशात लाल वायरचा रूळ काळ्या वायरच्या रुळाला भिडतो, शॉर्ट सर्किट होतं. तुमचा फोनही इथंच गप्प झाला असता.”

त्यांच्यासमोरच वळशाचे रूळ कापून बाकीच्या रुळांपासून वेगळे केले, पोलॅरिटी उलटवणारं, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल करणारं सर्किट जोडलं. गाडी सुसाट!

थोड्या वेळाने हळूच म्हणतात, “वहिनी, द्या ना, जरा चालवतो.”

म्हटलं, “चालवा की, तुमच्या फोनवरून!”