सून पुढं, काठी मागं

चहा निवायच्या आधी हे ऐकून घ्या. माझी सून लग्नाआधी पळण्यात नेहमी पहिली यायची. मग लेकरू झालं अन् दोन वर्षं पळणं सुटलं. यंदा गोंदियाची पोलीस भरती तोंडावर आली, तशी ती रोज सकाळी तलावापर्यंत पळायला निघाली. पण तिच्या माहेरचा रस्ताही तोच! धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया तिला वाटेतच अडवायच्या.

"काऊन वो, रुसून मायकी चालली का? सासू काही बोलली का?"

समजूत घालून तिला घरी आणून सोडायच्या. सून रडकुंडीला आली. "आत्याबाई, असंच चाललं तर दम कवा वाढन माहा?"

मी म्हटलं, "उद्या मी येतो संग. सासूच मागं असली तर कोण अडवन तुले?"

दुसऱ्या दिवशी ती पुढं पळाली. कुत्र्यांसाठी काठी घेऊन मी मागं भराभर चालत होती. बायांनी पाहिलं, हातातल्या रोपांच्या पेंढ्या टाकल्या अन् साऱ्या धावल्या माझ्याकडंच! एकीनं काठी हिसकली, दुसरीनं हात धरला.

"पळ वो बाई, पळ! बुढीले आमी पाहून घेतो!"

सून तलावापर्यंत न थांबता जाऊन आली, तरी बाया मला शेताच्या धुऱ्यावर बसवून समजावूनच राहिल्या होत्या. "सून म्हंजे लेकच असते वो म्हातारे."

सून घामाघूम होऊन हसत उभी. म्हणते, "आत्याबाई, उद्या काठी विसरू नोका."