टीव्हीच्या मागून विचारलं, 'आलं का?'

बुक्का लागला सगळ्यांना? मागच्या रांगेपर्यंत पोचला? बरं. मग आता कान इकडं द्या. आख्यान सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्या हं, मोठ्यानं दिलंत तर शेजारची माणसं ऐकतील!

आपण घरच्या माणसाला रोज विचारतो. "जेवलात का?" "गोळी घेतलीत का?" "बरं आहे ना?" तिकडून उत्तर येतं, "हो." आपण चपला घालतो, निघतो. तर मंडळी, माझा प्रश्न एवढाच — विचारलं म्हणजे काळजी घेतली, असं होतं का?

पुढं बसलेल्या दोघांनी मान हलवलीसुद्धा! इतक्यात हलवू नका. आधी गोष्ट ऐका.

आता तुम्ही म्हणाल, कुठल्या राजाची गोष्ट? कुठला राक्षस मारणार आज? राजा नाही, राक्षस नाही. आज आहे एक टीव्ही! हसा, हसा. पेटीवाले काकाही हसले बघा. अहो, टीव्ही नाही असं घर उरलंय का आता? गच्चीवर ती छत्री असते, तिच्यातून वायर खाली येते काळ्या डब्यात, आणि डब्यातून चपट्या तोंडाची जाड केबल जाते टीव्हीत. चित्र त्या केबलीतून येतं. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं मी सांभाळते.

कृष्णाकाठी एक गाव. गावाच्या मधोमध साखर कारखान्याकडं जाणारा रस्ता. त्या रस्त्याला लागून घर आनंदराव खराड्यांचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि जुनी माणसं म्हणत 'खराडे पंच'. कबड्डीचे पंच हो! तीस वर्षं मैदानावर शिट्टी वाजवली. कुणाचा अंगठा रेषेला चाटून गेला, हे मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचे. डोळा म्हणजे ससाण्याचा!

घरात मुलगा सुहास, दुधाचा टँकर चालवायचा, दर तिसऱ्या दिवशी घरी. सून स्नेहल तालुक्याला कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर, सकाळी साडेआठची गाडी. आणि नात जुई. चार वर्षांची. बालवाडीत जाणारी. सकाळी आई सोडायची, दुपारी बाराला अण्णा आणायचे. बालवाडी रस्त्याच्या पलीकडं होती, एवढं मात्र विसरू नका.

त्या घरातल्या टीव्हीचा स्वतःचा आवाज केव्हाच बसला होता. म्हणून सुहासनं डब्यालाच एक वेगळा स्पीकर जोडून दिलेला. म्हणजे कसं — आवाज स्पीकरमधून, चित्र टीव्हीवर. दोघांचे रस्ते वेगळे.

एके दिवशी सकाळी सात वाजता स्नेहल टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला मोबाईल काढायला गेली, बघते तर टीव्हीचा पडदा निळा! 'नो सिग्नल' अशी पाटी पडद्यावर इकडून तिकडं फिरतेय, आणि स्पीकरमधून भूपाळी मात्र झोकात चाललीय. अण्णा न्हाणीत होते. पोरीच्या वेण्या राहिल्या होत्या, डबा भरायचा होता. तिनं गाडीत बसल्यावर मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक कोण? रियाज मुजावर. चौकात दुकान. हाताला सोल्डरिंगचे डाग, तोंडात सतत गाणं. अकरा वाजता हा दारात आला, आणि आतून ऐकतो काय —

"बाद! बाद आहे तो! अरे लेका, पंच झोपलाय काय?"

रियाज आत डोकावला. जुन्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण चाललेलं. अण्णा खुर्चीच्या टोकावर, हात वर. आणि पडदा? निळाशार!

रियाजला हसू आवरेना. "काय अण्णा, चित्र नाही आणि निकाल देताय?"

अण्णांचा हात वरच राहिला. एक क्षण, मंडळी. मग म्हणाले, "हां... आत्ताच गेलं बघ. आत्ता होतं."

"बसा तुम्ही. दोन मिनिटांत आणतो."

आता मेकॅनिकची एक पद्धत असते. तो आधी अर्धी साखळी बाजूला काढतो. आवाज येतोय ना? मग गच्चीवरची छत्री ठीक. डबाही ठीक. मग खोट कुठं? डबा आणि टीव्ही यांच्या मधल्या वीतभर जागेत! पण माणसं काय करतात? चित्र गेलं की आधी गच्चीवर चढतात आणि छत्री फिरवतात! सगळा गाव हसतो, छत्री वाकते, आणि केबल खाली तशीच ढिली! आपणही देवाच्या नावानं असंच आभाळाकडं बघून ओरडतो, पण तो विषय आज नको.

रियाज टीव्हीच्या मागं वाकला. स्नेहलनं आठ दिवसांपूर्वी दिवाळीची सफाई केली, तेव्हा केबल निम्मी बाहेर आलेली. त्यानं ती आत दाबली. आणि टीव्हीच्या मागं असलेला मेकॅनिक, ज्याला पडदा दिसत नाही, तो काय विचारतो? तुम्हीच सांगा.

बरोबर! "आलं का?"

"आलं!" अण्णा म्हणाले.

रियाज पुढं आला. पडदा निळा.

"कुठं आलंय अण्णा?"

"येऊन गेलं बघ."

रियाज पुन्हा मागं. केबल काढली, फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत बसवली. "आता आलं का?"

"आलं, आलं! झकास!"

पुढं येऊन बघतो तर निळाच!

"अण्णा, का चेष्टा करताय गरिबाची?"

अण्णा हसले. पण ते हसू कसं होतं माहीत आहे? परीक्षेत दुसऱ्याच्या वहीत बघताना सापडलेल्या पोराचं.

रियाज तिसऱ्यांदा मागं गेला. केबल पहिल्या खाचेत परत, दोन्ही बटणं बंद. दहा आकडे मोजले. आधी टीव्ही चालू केला, मग डबा. हे क्रमानं करावं लागतं. दोघांची ओळख पटावी लागते. आधी घेणारा जागा हवा, मग देणाऱ्यानं हाक मारायची.

"आलं का?"

"आलं म्हटलं ना! जा आता तू, तुझी कामं असतील."

आणि या वेळी खरंच आलं होतं! रियाज पुढं आला. सामना थांबून जाहिरात लागलेली, नुसतं संगीत. पडद्यावर एक बाई बाळाला टबात आंघोळ घालतेय, फेस उडतोय.

रियाजनं या वेळी प्रश्न बदलला, मंडळी. हळूच म्हणाला, "अण्णा, काय लागलंय?"

अण्णांनी कान स्पीकरकडं वळवला.

संगीत चाललेलं. बाळ हसतंय, फेस उडतोय.

"...कबड्डी," अण्णा म्हणाले.

रियाजनं टीव्हीचं बटण बंद केलं आणि तो तिथंच, त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला.

"कधीपासून?"

"उजव्याला वर्ष झालं असेल. डाव्याला पावसाळ्यापासून धुकं." मग अण्णांनी त्याचा हात चाचपडत धरला. "रियाज, तुला शपथ आहे. घरात बोलू नकोस."

"का पण? डॉक्टर आहेत, इलाज आहेत —"

"इलाज होईल तेव्हा होईल. पण आज कळलं तर उद्या पोरीला आणायचं काम काढून घेतील. सकाळपासून मी बाराचीच वाट बघतो रे! तेवढंच एक काम उरलंय. मग या खुर्चीत बसून काय करू मी?"

काय सांगू, मंडळी, त्या पोराच्या मनाचं काय झालं असेल! शब्द द्यावा? का मोडावा? गुपित राखणं हा धर्म आहेच की. पण भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झालेले, आणि अण्णा काठी शोधत उठलेसुद्धा.

"मी येतो सोबत," रियाज म्हणाला.

"हळू बोल. आणि मागं राहा. पोरीला आमचा खेळ आवडतो, मधी येऊ नकोस."

खेळ? कसला खेळ?

ऐका. जाताना अण्णांनी रोजच्यासारखा कुणा जाणाऱ्याच्या पावलांमागोमाग रस्ता ओलांडला. बालवाडीच्या दारातून जुई पळत आली. आजोबांचं बोट धरलं. दोघं रस्त्याच्या कडेला उभे. गळिताचा हंगाम, उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक.

"जुई, डावीकडं काय?"

"म्हैस."

"उजवीकडं?"

"मोठ्ठा ट्रॅक्टर!"

"किती मोठा?"

"हत्तीएवढा!"

"मग थांबू आपण. गेला की सांग."

कळलं का? आजोबा नातीला रस्ता ओलांडून देत नव्हते. चार वर्षांची नात आजोबांना ओलांडून देत होती! आणि तिला वाटायचं, हा खेळ आहे.

कुणाचं बाळ रडतंय? रडू दे गं, बाहेर नेऊ नकोस. बस तिथंच. देवाला चालतं.

तर — ट्रॅक्टर धडधडत आला. समोरून गेला. जुई टाळ्या पिटत ओरडली, "गेला!"

ट्रॅक्टर गेला हो! पण उसाच्या ट्रॅक्टरला मागं काय असतं? दोन-दोन ट्रॉल्या! पहिली जातेय, दुसरी यायचीय. लेकराच्या लेखी ट्रॅक्टर म्हणजे त्याचं तोंड. तोंड गेलं, खेळ संपला! अण्णांनी पाऊल टाकलं, पोरीचं बोट हातात —

रियाजनं मागून दोघांना खेचलं. तिघंही धुळीत. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टिपरी अण्णांच्या टोपीला घासून गेली. एवढंच अंतर.

जुई खळखळून हसली. तिला वाटलं, खेळात नवीन काहीतरी आलं.

अण्णा हसले नाहीत. उठलेही नाहीत. धुळीत बसून त्यांनी नातीच्या तोंडावरून, हातांवरून, पायांवरून हात फिरवला. दोनदा फिरवला. मोजून घेतल्यासारखा.

रियाजनं दोघांना घरी आणलं, पाणी दिलं. शेजारच्या काकूंना "पोरीकडं जरा लक्ष ठेवा" म्हणाला. आणि दारातून निघताना एवढंच बोलला, "अण्णा, सहा वाजता वहिनी आल्या की मी परत येतो. तोवर शब्द पाळतो. सहानंतर नाही. तुम्ही सांगितलंत तर मी नुसता चहा पिऊन जाईन."

शपथ मोडली त्यानं? म्हणाल तर मोडली. पण उघडं पाडलं नाही म्हाताऱ्याला. स्वतःच्या तोंडानं सांगायला सहा तास दिले. एवढी इज्जत तर आपण पोटच्या पोरालाही देत नाही!

सहाला स्नेहल आली. अण्णांनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. सगळं. ट्रॉलीसुद्धा.

ती काय म्हणाली असेल? तुम्हाला वाटतं, पदर डोळ्याला लावून "अण्णा, तुम्ही का सांगितलं नाहीत" असं म्हणाली? छे हो! आई आहे ती. कडाडली! "माझं लेकरू, अण्णा! माझं लेकरू रस्त्यावर घेऊन उभे राहत होता तुम्ही? मी रोज विचारत होते, जमतंय ना अण्णा, जमतंय ना —"

"आणि मी हो म्हणत होतो," अण्णा म्हणाले. "दुसरं काय म्हणणार? तू दारात उभी असायचीस. पायात चप्पल असायची."

स्नेहलनं आपल्या पायांकडं बघितलं.

दाराशी रियाज येऊन उभा होता. त्याच्याकडं वळून ती म्हणाली, "भाऊ, टीव्ही... टीव्ही कधीपासून बंद होता?"

"तुम्ही सफाई कधी केलीत वहिनी?"

"आठ दिवस झाले."

आठ दिवस! घरात येणारी-जाणारी माणसं, पोरगी कार्टून बघणार ती मोबाईलवर, तो पडदा आठ दिवस निळा, आणि एकानंही अण्णांच्या शेजारी बसून वर मान करून बघितलं नाही. बघायला वेळ लागतो हो. विचारायला लागत नाही. एक मोडकातोडका अभंग सुचलाय, माझाच आहे, पेटीवाले काका, सूर द्या —

पुसिले ते रोज । उत्तर ऐकिले ।
मुख ना पाहिले । जवळून ॥

पुढचं थोडक्यात सांगते. मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला, काचबिंदू आहे, लवकर आला असतात तर वाचला असता. डाव्यात मोतीबिंदू, तो काढता येईल. काढला. मी खोटं सांगून तुम्हाला खूश करणार नाही, मंडळी. गेलेलं परत आलं नाही. राहिलेलं मात्र वाचलं.

आणि बाराचं काम? ते काढून घेतलं नाही स्नेहलनं! बालवाडीच्या बाईंशी बोलली. पोरीला रस्ता बाई ओलांडून देतात. अलीकडं कडेला अण्णा उभे असतात, दप्तर घेतात, बोट धरतात आणि घरी आणतात. आता खेळ उलटा झालाय. जुई विचारते, "आजोबा, झाडावर काय?" आणि अण्णा एक डोळा मिटून सांगतात, "पोपट. नाही, थांब... पान आहे." ती हसते, तेही हसतात. चुकतात आणि चुकलो म्हणतात. हे 'चुकलो' आधी म्हणता येत नव्हतं त्यांना!

आता तुमच्याकडं वळते. सुटका नाही!

घरी ज्याला तुम्ही "बरं आहे ना?" विचारता, त्याच्यासाठी उत्तर तुम्हीच प्रश्नात घालून देता. "ना" म्हटलंत की तो "हो" म्हणणार! म्हातारा म्हणणार, नवीन सून म्हणणार, परीक्षेला घाबरलेलं पोरगं म्हणणार. तुमची घाई त्यांना दिसते. तुमचा वेळ वाचवायला ती माणसं खोटं बोलतात, मंडळी, प्रेमापोटी खोटं बोलतात! मग करायचं काय? चप्पल काढायची. शेजारी बसायचं. ते बघतात तिकडं बघायचं. आणि "दिसतंय का?" नाही, "काय दिसतंय, सांगा" असं विचारायचं.

आरती होईल, प्रसाद मिळेल. पण उठण्याआधी एक ऐका. देवळाच्या पायऱ्या आत्ताच धुतल्यात, ओल्या आहेत. तुमच्या शेजारी कुणी थकलेलं माणूस बसलं असेल, तर "उतराल ना नीट?" असं विचारू नका. उतरेन म्हणतील! काही न बोलता एक पायरी पुढं व्हा, आणि खांदा त्यांच्या हाताच्या अंतरावर ठेवा.