राखणीच्या पाळीविरुद्ध दिलेला अर्ज मागे घेण्याबाबत

पोलीस ठाणे पोलादपूर, दि. ५/११/१९९८

मी गोमाजी धोंडू उतेकर, वय ५८ वर्षे, धंदा शेती व म्हशी पाळणे, राहणार वरची वाडी, उमरठच्या वर, ता. पोलादपूर, जि. रायगड. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी आवडी हिच्यासह राहण्यास आहे. आमच्या वाडीत बावीस घरे आहेत. वाडीला गाडीरस्ता नाही.

दि. १४/१०/१९९८ रोजी मी याच ठाण्यात अर्ज दिला होता. त्यात लिहिले होते की, गावकीचे प्रमुख रामजी सकपाळ यांनी सुनील नावाच्या तरुणास डांबून ठेवले आहे आणि त्याच्या राखणीसाठी सगळ्या घरांना वेठीस धरले आहे. त्या अर्जाबद्दल आज सांगतो.

सुनील हा आमच्या वाडीतल्या चिमाबाईचा मुलगा, वय २४. मुंबईत टेम्पोवर कामाला होता. तिथे गर्द ओढू लागला. चिमाबाईने त्याला दोनदा मुंबईच्या दवाखान्यात ठेवले. दोन्ही वेळा सुटून आला आणि महिन्याच्या आत पुन्हा तेच. सप्टेंबरात तिने त्याला वाडीवर आणले. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले की, अंगातले गर्द दहा दिवसांत उतरेल, डोक्यातले लवकर उतरत नाही, तीन-चार महिने याला एकटा सोडू नका. चिमाबाई विधवा आहे, दुसऱ्याच्या शेतावर जाते तेव्हा चूल पेटते. ती कुठवर राखणार.

दसऱ्याला गावकी बसली. आमच्याकडे गावची गुरे पाळीने राखतात, रोज एका घरचा माणूस सगळी गुरे घेऊन रानात जातो. रामजी म्हणाले, "गुरं पाळीनं राखतो, मग आपला मानूस नाय राखता येनार?" त्या दिवसापासून सुनील रोज एका घरी. तिथेच जेवायचा, त्या घराबरोबर काम करायचा, तिथेच झोपायचा. सकाळी सातला पुढचे घर. जो पाळी टाळेल त्याच्या दारी शिमग्याला पालखी येणार नाही, असेही ठरले.

मी भर गावकीत विरोध केला. दसऱ्यानंतर प्रत्येक घर रस्त्यासाठी श्रमदान करते. ते दिवस रामजींनी या राखणीत वळते केले. मागल्या साली वाडीतल्या आजारी आनंदीबाईला डोलीत घालून खाली नेली, तीन तास लागले. मी म्हणालो, "एका गर्दुल्यापायी बावीस घरांचा रस्ता अडवता? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." शिवाय सप्टेंबरात सुनीलने माझा तांब्याचा हंडा पळवला होता आणि खालच्या एसटी थांब्यावर हंड्यासकट सापडला होता. हंडा परत आला. राग गेला नव्हता, हे लपवत नाही.

१४ तारखेला सुनीलच्या राखणीची पाळी माझी होती. त्या दिवशी मी सुनीलला एकट्यालाच माझ्या म्हशींबरोबर रानात धाडले आणि अर्ज द्यायला इथे आलो. रानातून एसटीचा रस्ता अर्ध्या तासावर आहे, हे मला माहीत होते. तो पळाला असता तर माझा अर्ज खरा ठरला असता. मला तेच पाहिजे होते. हे साहेबांनी विचारलेले नाही, मी आपणहून सांगतो आहे.

संध्याकाळी घरी गेलो तर म्हशी गोठ्यात होत्या आणि सुनील खळ्यात आवडीबरोबर नाचणी झोडत होता. आवडी म्हणाली, "अर्ज द्यायला सगळा डोंगर उतरून गेलात. श्रमदानाला दुखतो तो गुडघा आज कुटं ठेवला हुता?"

दि. २३/१०/१९९८ रोजी हवालदार वाडीवर आले. चौकशी होईपर्यंत पाळी बंद ठेवा, असे त्यांनी रामजींना सांगितले. चिमाबाईने हवालदारांना चहा केला. त्यासाठी कपबशा तिने माझ्या घरून मागून नेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुनील आपल्या पायाने चंद्राबाईच्या ओट्यावर गेला. म्हणाला, "मावशी, आज तुमची पाळी हुती ना? बसू का?" तिने भाकरी वाढली. त्याच्या पुढल्या दिवशी पुढल्या घरी. कोणी बोलावले नाही, कोणी हाकलले नाही. हवालदारांनी बंद करायला लावलेली पाळी तो एकटा चालवत होता. चांगूच्या घरी असताना त्याचे अंग थरथरायला लागले. "चांगूदादा, आज लय वाटतंय. माझ्याजवळ बस," म्हणाला. चांगू भातकापणी टाकून दिवस बुडेपर्यंत त्याच्याजवळ बसला. चांगूच्या कापलेल्या भाताचे पाचुंदे वाऱ्यावर पडून राहिले. चांगू खोटे बोलणारा माणूस नाही.

आज सकाळी सातला मी दार उघडले तेव्हा सुनील अंगणात उभा होता. ओट्यावर चढला नाही. म्हणाला, "तात्या, आज तुमचं घर. नको असंल तर सांगा, मी देवळात बसतो, येनाऱ्या-जानाऱ्याच्या नजरंत ऱ्हाईन." मी म्हणालो, "वर ये, भाकर खा." मला माझी लाज वाटली. असेच लिहा.

भाकरी खाताना मी त्याला सांगितले की, पोलादपूरला जाऊन अर्ज मागे घेतो, तूही चल. तो घाबरला. म्हणाला, "पोलादपूर नको तात्या. बाजारात पुडी देनारा एक जन हाय. गर्दीत पन मला पहिला तोच दिसतो." पण घरी ठेवला असता तर मागच्या पाळीसारखी मी राखण पुन्हा टाळलीच असती. म्हणून बरोबर आणला. बाजारातून येताना त्याचे मनगट धरले होते. हात घामाने निसटत होता. त्याने सोडवून घेतला नाही.

तरी अर्जातील डांबून ठेवल्याचा मजकूर खोटा आहे. त्याला कोणी बांधले नाही, कुलूप लावले नाही. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मान्य आहे. पालखी अडवण्याची अट मात्र गावकीने काढावी, हे म्हणणे कायम आहे. माणूस राखायला धाक कशाला. रस्ता पाहिजे हेही कायम आहे. या साली तो एक हातसुद्धा पुढे सरकला नाही, त्याची हळहळ मला आहे. तरी पाळी चालू द्यावी.

सुनील आता ठाण्याच्या बाहेर बाकावर बसला आहे. त्या पुडीवाल्याचे वर्णन आणि ठिकाण तो स्वतः सांगणार आहे. मी सांग म्हटलेले नाही. मलाही जबाब द्यायचा आहे, असे बाजार ओलांडल्यावर तोच म्हणाला. माझी साहेबांना विनंती आहे की, तो बोलायला आला आहे तर त्याला आरोपीसारखे उभे करू नये, बसवून विचारावे. एवढा एक माणूस राखायला आमची बावीस घरे लागली. सरकारने तो एक बाजार राखावा. त्याचे सांगून होईपर्यंत मी इथेच थांबणार आहे. माझी पाळी उद्या सकाळी सातला संपते.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी माझ्या बोलण्यापेक्षा गोड लिहिले होते, ते खोडून घेतले. आता मी सांगितले तसाच आहे, म्हणून खाली अंगठा करतो.

गोमाजी धोंडू उतेकर
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)