सरकारी डोक्यांचा रस्सा

...आणि वर सगळे मलाच विचारतात, वहिनी, तुम्ही आधी विचारलं का नाही? अहो, काय विचारायचं? मासेमाराच्या घरात कुणी ताज्या माशांची खोकंभर डोकी, स्वच्छ धुऊन, बर्फात घालून आणून दिली, तर बाईमाणसानं काय विचारायचं असतं? तिखट किती घालू, एवढंच ना? आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगते, आमच्या माडीवर एक भाडेकरू आहेत, मासळी संशोधन केंद्रात काम करतात. बाई गोड, पण हातात सदा मोजपट्टी. धक्क्याला बोट लागली की ह्या हजर, मासा आडवा करतात, तोंडापासून शेपटीपर्यंत मापतात, जणू त्याला शर्ट शिवायचाय. म्हणून सगळे त्यांना मापबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्या ओ देतात. पण गंमत म्हणू नका हं, आमचं सगळं पोटपाणी त्या मोजपट्टीवर. कारण कोटा! कुठल्या बोटीनं हंगामात किती मासळी धरायची ते वरून ठरवून येतं, आणि समुद्रात मासळी रोडावली म्हणून गेल्या वर्षी आमचा कोटा निम्म्यावर आणला. अर्धा हंगाम बोट धक्क्याला बांधलेली आणि आमचे हे घरात... आणि ह्यांना घरात नुसतं बसता येत नाही हो. माझे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. हळद शोधायला मला शिडी लागायला लागली. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, यंदाही कोटा वाढला नाही तर मालवाहू जहाजावर जातो, दोन वर्षांचा करार देतायत. मी म्हटलं, जा, माझे डबे तरी जागेवर येतील. म्हटलं खरं... पण ताटातलं उरलेलं तसंच झाकून ठेवलं.

तर हा कोटा ठरायचा होता त्याच डोक्यांवर. मला कुठून ठाऊक असणार? केंद्रातला फ्रिज बंद पडला, मापबाई खोकं घेऊन धावत दारात, हे जरा तुमच्याकडे ठेवा, संध्याकाळी येते, म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा. मी उघडून बघते तर डोकी! आमच्या घरात डोक्यावरून सख्ख्या भावांची भांडणं होतात, इतकं ते सगळ्यांच्या आवडीचं. मला अगदी भरून आलं. भाडं वेळेवर देतात आणि वर हे... कोण करतं एवढं आजकाल? प्रत्येक डोक्याच्या जबड्यात पत्र्याचा इवलासा नंबर अडकवलेला होता, तेवढं जरा नवल वाटलं. पण नंबर काय, हल्ली गॅसच्या टाकीलाही असतो. ओढून बघितला तर जबडाच फाटायला लागला, म्हणून म्हटलं राहू दे, शिजताना काही बोलत नाही तो. आता यात माझं काय चुकलं?

सगळ्यात मोठं पातेलं काढलं, असा रस्सा केला की शेजारीण न बोलावता वाटी घेऊन आली. डोकी एवढी, की दीर-जाऊबाईंना निरोप धाडला. त्यात ह्यांना वाटेत बंदरावरचे निरीक्षक साहेब भेटले, तर त्यांनाही घेऊन आले. हे साहेब म्हणजे जाळ्याची भोकं मोजून दंड ठोकणारे. दिरांनी त्यांना बघितलं आणि आपलं ताट जरा लांब ओढून घेतलं. सासऱ्यांचं एक डोकं संपून दुसरं सुरू झालं होतं, आणि मापबाई आल्या.

काय सुंदर वास सुटलाय, म्हणाल्या, हसत हसत फ्रिज उघडला... आणि हसू तिथेच राहिलं. मी म्हटलं, बसा ना, तुमच्याचसाठी थांबले होते.

बसल्या. पण ताटावर नाही, पायरीवर. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. म्हणे माशाच्या डोक्यात कानापाशी बारीक हाड असतं, खड्यासारखं, आणि त्यावर वर्षाला एक कडं चढतं. ती कडी मोजली की माशाचं वय कळतं. मासळीत म्हातारी मंडळी भरपूर निघाली तर समुद्र सावरतोय, कोटा वाढवता येतो. सगळी पोरंसोरं निघाली तर आहे तेच. नमुने उद्या पाठवायचे, नाहीतर गेल्या वर्षीचाच कोटा पुढे चालू.

सगळे हात थांबले. ह्यांनी ताट जरा पुढे सरकवलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सावकाश म्हणाले, "माझी मोठी बॅग कुठे ठेवलीयस गं?"

रागावले असते तर मी भांडले तरी असते! ओरडले नाहीत, काही नाही, नुसती बॅग विचारली हो... हातातली पळी मी पातेल्यात सोडून दिली. तोंडातून निघालं, "मापबाई, शिजवल्यावर ते हाड विरघळतं का?"

त्यांनी मान वर केली. विरघळत नाही, म्हणाल्या, उलट कडी नीट दिसावीत म्हणून आम्हीच ते जाळावर धरतो... पण कुठलं हाड कुठल्या माशाचं, ते आता कसं कळणार? तेवढ्यात सासऱ्यांनी ताटातला जबडा उचलला, चष्म्याजवळ नेला आणि म्हणाले, "माझा सतरा."

मग काय विचारता! मापबाई पायरीवरून अशा उठल्या की चप्पल तिथेच. माझ्या घरातल्या झाडून सगळ्या वाट्या बाहेर आल्या, एका नंबराच्या हाडांना एक वाटी. चोखा, पण गिळू नका, असं त्या प्रत्येकाला बजावत फिरायला लागल्या. जाऊबाईंचा नऊ, दिरांचा एकतीस, शेजारीण म्हणते माझा सहा आहे की नऊ, उलटा करून बघा! आणि तेवढ्यात निरीक्षक साहेबांचा हात एकदम गळ्याशी गेला. गिळलं होतं त्यांनी. जन्मभर दुसऱ्यांना दंड केलेला माणूस, कान लाल झाले बिचाऱ्याचे. मापबाईंनी त्यांचं ताट तपासलं, म्हणाल्या, घाबरू नका, कान दोन असतात, दुसरं शाबूत आहे. त्यानंतर साहेब जे उठले ते शेवटचं डोकं संपेपर्यंत आमच्या दिरांच्या मागे उभे. तोंड उघडा, म्हणत.

आणि निघाली की हो म्हातारी मंडळी! भरपूर निघाली. सगळ्यांत वयस्कर सासऱ्यांच्या ताटातला, आणि सासरे तर असं सांगत फिरतात की जणू त्याला त्यांनीच लहानाचा मोठा केला. कोटा वाढला. बोट सुटली, हे पहाटे निघायला लागले. मी ती मोठी बॅग माळ्यावर अगदी मागे सारली आणि वर जुन्या गाद्या रचल्या. डबे अजून उंचीप्रमाणेच आहेत. राहू देत.

फक्त एवढंच झालंय, की मापबाई म्हणतात तुमच्या रश्श्यातून हाड फार स्वच्छ निघतं. त्यामुळे आता दर खेपेला खोकं आमच्याकडेच येतं. मागोमाग केंद्रातले बघायला येतात, साहेब देखरेखीला येतात, शेजारीण वाटी सोडून पातेली घेऊन येते. किती हुशार माणसं ही! एवढ्याशा हाडावरून अख्ख्या समुद्रात मासळी किती, ते सांगतात... पण आज जेवायला माणसं किती, ते मात्र मला कुणीसुद्धा आधी सांगत नाही.